रिओच्या पापुद्र्यातले षटकोन: मोजणीच्या नोंदी

१४ जून

मोजायचं ते एवढंच: रिओ या झाडाच्या पानावरच्या एका थराच्या पापुद्र्यात प्रत्येक पेशीला शेजारी किती, तिचं क्षेत्रफळ किती आणि या दोन आकड्यांचा एकमेकांशी संबंध काय.

पाठ्यपुस्तकातल्या आकृत्यांत सगळ्या पेशी एकाच साच्यातून काढल्यासारख्या सहा बाजूंच्या असतात. मधाच्या पोळ्याची उपमा थेट रॉबर्ट हूकपासून चालत आली आहे. १६६५ मध्ये त्याने बुचाच्या कापाला पोळ्यासारखं म्हटलं, पण त्यातली छिद्रं नियमित नाहीत हेही त्याच वाक्यात लिहून ठेवलं. पुढच्यांनी पोळं उचललं, अनियमितपणा सोडला. हा प्रकल्प त्या सोडलेल्या अर्ध्या वाक्याचा आहे.

झाड रिओ, म्हणजे ट्रॅडेस्कँशिया स्पॅथेसिया. अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलला रससंकोच (पाणी बाहेर गेल्याने पेशीतलं जीवद्रव्य आक्रसणं) दाखवायला हेच वापरतात. पानाची खालची बाजू जांभळी असते, कारण त्या थरातल्या पेशींच्या रिक्तिकांत, म्हणजे आतल्या पाण्याच्या पिशव्यांत, अँथोसायनिन हे रंगद्रव्य असतं. रंग पेशीत, भित्तिका पारदर्शक, त्यामुळे रंग न देताही जाळी दिसते. मुंबईत सोसायटीच्या कुंपणाला किंवा जिन्यातल्या कुंडीत हे झाड हमखास सापडतं. राणीच्या बागेपर्यंत जायची गरज नाही, आणि तिथे पान तोडायचंही नाही.

द्विदल पानं मुद्दाम टाळली. त्यांच्या पापुद्र्यातल्या पेशी बऱ्याचदा जिगसॉ कोड्याच्या तुकड्यांसारख्या नागमोडी असतात. तिथे शेजारी मोजता येतात, पण कडा कुठे संपली यावर दोघांचं एकमत होईपर्यंत संध्याकाळ होते.

१७ जून

सामान: स्लाइड, १८ मिलिमीटरच्या कव्हरस्लिप, दाढीचं पातं, दोन नंबरचा रंगाचा ब्रश, वॉच ग्लास, ड्रॉपर, भित्तिका रंगवायला टोल्युडिन ब्लू, ७० टक्के अल्कोहोल, व्हॅसलिन. प्रिन्सेस स्ट्रीटच्या एका फेरीत सगळं मिळालं. स्टेज मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापाची पट्टी कोरलेली स्लाइड, महाग असतो. तो एका दिवसापुरता मागून आणला, कारण मोजमाप एकदाच नीट बसवायचं असतं.

स्टेज मायक्रोमीटरवर १ मिलिमीटरचे १०० भाग, म्हणजे एक भाग १० मायक्रॉन. लो पॉवरला (१० एक्स) नेत्रिकेतल्या (आयपीसमधल्या) पट्टीचे १०० भाग स्टेजच्या ९८ भागांवर बसले. म्हणून नेत्रिकेचा एक भाग ९.८ मायक्रॉन. हे फक्त डोळ्याने पाहताना उपयोगी. फोटोसाठी मोजमाप वेगळं काढावं लागतं. मोबाइल क्लिपने नेत्रिकेवर बसवला, त्याच पट्टीचा फोटो घेतला: १ मिलिमीटरला २४८० पिक्सेल, म्हणजे पिक्सेलला ०.४०३ मायक्रॉन.

हा आकडा टिकवायचा तर मोबाइलचा झूम एकावर कुलूपबंद हवा. नव्या फोनांत तीन-तीन भिंगं असतात आणि प्रकाश कमी झाला की फोन न विचारता दुसऱ्या भिंगावर उडी मारतो. दिसायला फोटो सारखाच, मोजमाप मात्र पार बदललेलं. म्हणून प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला आणि शेवटी एकाच ठरलेल्या जागेचा फोटो घ्यायचा: स्लाइडवर पात्याने दोन चरे ओढून ठेवलेत, त्यांच्यातलं अंतर पिक्सेलमध्ये जुळलं पाहिजे. चित्राच्या कडांना पट्टी किंचित वाकते, म्हणून मधली १२०० बाय ९०० मायक्रॉनची चौकट ठेवून बाकीचं कापून टाकायचं.

२१ जून

पापुद्रा काढण्याची कृती, चार-पाच पानं वाया गेल्यावर जमलेली:

पान धुऊन पुसून घ्यायचं. जांभळी बाजू आपल्याकडे ठेवून पान आडवं नाही, तिरकं फाडायचं. फाटल्या कडेला जांभळट, आरपार दिसणारी झालर लोंबते, तोच एका थराचा पापुद्रा. झालर पात्याने कापून तडक वॉच ग्लासमधल्या पाण्यात सोडायची. हवेत थोडा वेळ जरी राहिली तरी ती गुंडाळी होते आणि मग ब्रशने कितीही समजूत घातली तरी सपाट होत नाही. पंख्याखाली हे काम करायचंच नाही.

हिरवे ठिपके दिसले तर खालच्या थराच्या पेशी सोबत आल्या आहेत. तो भाग टाकायचा, कारण दोन थरांच्या भित्तिका एकमेकींवर दिसतात आणि नसलेल्या बाजू तयार होतात. मधल्या शिरेजवळचा भागही नको. तिथल्या पेशी शिरेच्या दिशेने ताणलेल्या असतात.

स्लाइडवर पाण्याचा थेंब, त्यावर पापुद्रा, बाहेरची बाजू वर. कव्हरस्लिप एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने हळू खाली. हवेचा बुडबुडा राहिला तर त्याची जाड काळी कड पेशीभित्तिका म्हणून मोजली जाते. नवख्यांकडून हे हमखास होतं.

२४ जून

आजचे सगळे फोटो बाद.

पाणी सुकू नये म्हणून पापुद्रे ग्लिसरीनमध्ये लावले होते. अर्ध्या तासाने घेतलेल्या फोटोंत प्रत्येक पेशीत जांभळा गोळा, त्याच्या भोवती रिकामी जागा. रससंकोच! ग्लिसरीनने जिवंत पेशीतलं पाणी ओढून घेतलं, जीवद्रव्य आक्रसलं आणि भित्तिका होती तिथेच राहिली. रंगावरून क्षेत्रफळ काढलं तर ते गोळ्याचं निघतं, पेशीचं नाही. शिवाय कोपरे आधी गोल होतात, त्यामुळे षटकोनाचं वर्तुळ दिसतं. प्रॅक्टिकलला जे मुद्दाम करून दाखवतात तेच इथे नकळत झालं.

आता दोन वाटा ठेवल्या. जिवंत पापुद्रा हवा असेल तर साधं पाणी आणि कव्हरस्लिपच्या चारी कडांना व्हॅसलिन. रंगवायचा असेल तर आधी पेशी मारायच्या: १० मिनिटं ७० टक्के अल्कोहोल (जांभळा रंग निघून जातो), दोनदा पाणी, मग ०.०५ टक्के टोल्युडिन ब्लू एक मिनिट, पुन्हा पाणी. १०० मिलिलिटर पाण्यात ५० मिलिग्रॅम भुकटी म्हणजे ०.०५ टक्के. एवढी लागत नाही, १० मिलिलिटर पुष्कळ दिवस पुरतं. पेक्टिन असलेल्या भित्तिका गुलाबी-जांभळ्या रेषांसारख्या उठून दिसतात. रंग दिल्यावर पुन्हा अल्कोहोल लावायचं नाही, धुऊन जातो.

अल्कोहोलमधून काढलेल्या पेशींतला पाण्याचा ताण गेलेला असतो, त्यामुळे जिवंत आणि रंगवलेल्या पापुद्र्यांची क्षेत्रफळं एकाच तक्त्यात घालायची नाहीत. शेजाऱ्यांची संख्या मात्र दोन्हींत तीच राहते.

२८ जून

मोजणीचे नियम. यावरच सगळा डोलारा आहे, म्हणून लांबण लावली आहे.

बाजू म्हणजे शेजारी. पेशी डोळ्यांना चौकोनी दिसते की गोल, याला महत्त्व नाही. हे पटवायला कांद्याचा पापुद्रा लावून पाहिला. कांद्याच्या पेशी लांबट, विटांसारख्या. कागदावर मोजणाऱ्या दोघांनी प्रत्येकीपुढे ४ लिहिलं. भिंतीतली वीट घ्या: वर दोन अर्ध्या-अर्ध्या विटा, खाली दोन, डावीकडे एक, उजवीकडे एक. शेजारी सहा. गवंडी सांधे जुळू देत नाही, थर अर्ध्या विटेने सरकवतो, आणि त्या सरकवण्यातच चौकोनाचा षटकोन होतो. कांद्यातही तेच: आकार चौकोनी, नातं षटकोनी.

रक्षक पेशींची (पर्णरंध्राच्या दोन ओठांसारख्या पेशींची) जोडी एक शेजारी म्हणून धरायची, तिची स्वतःची नोंद नाही. रिओत पर्णरंध्राभोवती साधारण चार साहाय्यक पेशी असतात. त्याही शेजारी म्हणून मोजायच्या, पण आपल्या तक्त्यात नकोत, कारण त्या खास विभाजनातून बनतात.

चौकटीच्या कडेला टेकलेली पेशी तक्त्यात नाही. तिचे काही शेजारी चित्राबाहेर आहेत.

४ जुलै

हाय पॉवरला सांधे पाहण्याचा दिवस.

लो पॉवरला काही ठिकाणी चार भित्तिका एका बिंदूत मिळताना दिसतात. ४० एक्सला तशा बहुतेक जागा फुटतात: दोन तिठे, मध्ये जेमतेम भित्तिकेच्या जाडीएवढा तुकडा. म्हणजे जिथे चौक वाटला तिथे समोरासमोरच्या दोन पेशी एकमेकींना टेकल्या आहेत आणि उरलेल्या दोन नाहीत. वनस्पतीत चौक दुर्मीळ असतात, कारण नवी भित्तिका समोरच्या जुन्या सांध्यावर सहसा बसत नाही, ती बाजूला सरकून बसते.

सांध्याचा कोन पाहिला की वय कळतं. एका पेशीत अगदी बारीक, फिकी भित्तिका दिसली. दोन्ही टोकांना जुन्या भित्तिकेला काटकोनात टेकलेली, जुनी भित्तिका सरळच्या सरळ. इंग्रजी टी अक्षरासारखा सांधा. शेजारच्याच जोडीत भित्तिका जाड, आणि सांध्यापाशी जुनी भित्तिका आत ओढल्यासारखी मोडलेली, तिन्ही कोन १२० अंशांकडे झुकलेले. टी चा वाय झालेला. नवी भित्तिका काटकोनात बसते आणि पेशी वाढता वाढता ताणाने सांधा वळतो. साबणाच्या फेसात पडदे १२० अंशांवर क्षणात येतात. इथे तेच काम वाढीच्या वेगाने चालतं. कोवळ्या पानाच्या तळाशी टी जास्त, जुन्या पानात वाय.

नवी भित्तिका कुठे पडेल याचे जुने नियम दोन. हॉफमाइस्टर (१८६३): वाढीच्या मुख्य दिशेला आडवी. एरेरा (१८८० चं दशक): साबणाच्या पडद्यासारखी, पेशी दुभागणाऱ्या भित्तिकांमध्ये सर्वांत छोटी. लांबट पेशीत दोन्हींचं उत्तर एकच येतं. जवळपास गोल पेशीत सारख्याच लांबीच्या बऱ्याच जागा असतात आणि मग एकच ठाम जागा सांगता येत नाही. २०११ च्या बेसाँ आणि ड्यूमे यांच्या कामाचं म्हणणं असं की पेशी नेमाने सर्वांत छोटी वाट निवडत नाही, छोट्या वाटेची शक्यता फक्त जास्त असते.

९ जुलै

सरासरी सहाच का, याचा हिशोब वहीत मांडून ठेवला, म्हणजे पुढे कोणी सहा आले म्हणून निसर्गाच्या नियोजनावर भाषण करणार नाही.

सात बाजूंची एक पेशी दुभागली. नवी भित्तिका दोन जुन्या बाजूंवर टेकते, त्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन तुकडे होतात: अधिक २. नवी भित्तिका दोन्ही मुलींना, म्हणजे नव्या दोन पेशींना, एकेक बाजू देते: अधिक २. म्हणजे दोन मुलींच्या मिळून ७ + ४ = ११ बाजू, उदाहरणार्थ ५ आणि ६. शिवाय ज्या दोन शेजारणींच्या भित्तिकेवर नवी भित्तिका टेकली त्यांना एकेक बाजू वाढते: अधिक २. एकूण सहा बाजू वाढल्या आणि पेशी वाढली एक. कुठूनही सुरुवात करा, प्रत्येक विभाजन बेरजेत सहा घालणार, म्हणून सरासरी सहाकडे सरकणार. जाळीतले सांधे, कडा आणि पेशी यांच्या संख्या जोडणाऱ्या ऑयलरच्या सूत्रातूनही हेच निघतं: सपाट जाळीत सगळे तिठे असतील तर सरासरी सहा. झाडाचा यात काही पराक्रम नाही.

झाड बोलतं ते विभागणीत: पंचकोन किती, सप्तकोन किती, मोठ्या कोणत्या. मुली पेशींच्या बाजू विभाजनाने कमी होतात, शेजारणींच्या वाढतात. न विभागता बराच काळ बसलेली पेशी शेजाऱ्यांच्या विभाजनावरच आठ-नऊ बाजूंची होते.

१५ जुलै

पाऊस. ४० एक्स भिंगाच्या कडेला बुरशीची सुरुवात. भिंगं सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात हलवली. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास. पाण्यातल्या स्लाइड या हवेत बिनव्हॅसलिनच्याही टिकतात, एवढाच फायदा.

२२ जुलै

हाताने दोन चौकटी मोजून झाल्यावर बाकीचं संगणकावर. चित्रं मोजायचं फिजी सॉफ्टवेअर आणि त्यातलं मॉर्फोलिबजे प्लगइन, दोन्ही फुकट.

क्रम: चित्र ८ बिटचं करायचं. टोल्युडिनच्या चित्रात भित्तिका गडद येतात, त्या उजळ हव्यात म्हणून चित्र उलटवायचं. दोन पिक्सेलचा गॉशियन ब्लर (चित्र किंचित धूसर करणं), नाहीतर फोनने चित्र धारदार करताना भित्तिकेच्या दोन्ही बाजूंना ओढलेल्या खोट्या रेषा पकडल्या जातात. मग मॉर्फोलॉजिकल सेगमेंटेशन (चित्राची पेशी-पेशींत विभागणी), त्यात बॉर्डर इमेज हा पर्याय. टॉलरन्स १० पासून सुरू करून वाढवत न्यायचा. कमी ठेवला तर केंद्रकाभोवती वेगळी पेशी निघते, फार वाढवला तर फिकी नवी भित्तिका बुडते आणि दोन बहिणींची एक पेशी होते. दुसरी चूक जास्त वाईट, कारण ती डोळ्यांना खटकत नाही. आमच्या फोटोंना १८ च्या आसपास बसलं. त्यानंतरही प्रत्येक चौकटीत काही भित्तिका हाताने ओढाव्या लागल्या.

पहिल्या फेरीत शेजाऱ्यांची सरासरी ५.३ आली. हिशोबाप्रमाणे ते शक्य नव्हतं, म्हणून चूक शोधली. कडेच्या पेशी आधी काढून टाकल्या होत्या आणि शेजाऱ्यांचा तक्ता (रीजन अ‍ॅडजसन्सी ग्राफ) नंतर काढला. काढून टाकलेल्या पेशी कोणाच्या तरी शेजारी होत्या. आधी तक्ता, मग कडेच्या पेशी वगळणं. आणि तक्त्यात जिथे संपर्क दोन-चार पिक्सेलचाच आहे त्या जोड्या चित्रावर जाऊन बघायच्या. ४ जुलैचे खोटे चौक तिथेच परत भेटतात.

३० जुलै

एका पूर्ण वाढलेल्या पानाची एक चौकट, तक्त्यात २०० पेशी. चार बाजूंच्या ६, पाच बाजूंच्या ५५, सहाच्या ८६, सातच्या ४२, आठच्या १०, नऊची १. सरासरी ५.९९, प्रसरण (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) ०.८५. एका पानाचा आकडा आहे, रिओचा म्हणून कुठे लिहू नये.

निम्म्याहून जास्त पेशी षटकोनी नाहीतच. २००६ मध्ये गिब्सन आणि सहकाऱ्यांनी फळमाशीच्या पंखाच्या ऊतीसाठी केवळ विभाजनाच्या हिशोबावर विभागणी काढली होती: षटकोन सुमारे ४६ टक्के, पंचकोन २९, सप्तकोन २१. आपले ४३, २७.५ आणि २१. माशी कुठे, रिओ कुठे. पण त्या हिशोबाची मुख्य अट अशी की पेशींनी शेजारी बदलायचे नाहीत, आणि ती अट वनस्पती तर जन्मतःच पाळतात. भित्तिकांनी चिकटलेली पेशी जाणार कुठे?

५.९९ वर खूश होण्यात मात्र अर्थ नाही. दोन चुका एकमेकींना खात आहेत. रक्षक पेशींच्या जोडीला चारच शेजारी असतात, ती तक्त्यातून काढली की उरलेल्यांची सरासरी सहाच्या वर जाते. उलट मोठी पेशी चौकटीच्या कडेला टेकण्याची शक्यता जास्त, म्हणून मोठ्या, जास्त बाजूंच्या पेशी जास्त गळतात आणि सरासरी खाली येते. दुसऱ्या चुकीला उपाय आहे: प्रत्येक पेशीला वजन द्यायचं. चौकटीची रुंदी गुणिले उंची, भागिले (चौकटीची रुंदी वजा पेशीची रुंदी) गुणिले (चौकटीची उंची वजा पेशीची उंची). १२०० बाय ९०० च्या चौकटीत ८० बाय ६० च्या पेशीला वजन १.१५, ४० बाय ३० च्या पेशीला १.०७. फरक लहान, पण नेमका आठ-नऊ बाजूंच्या पेशींवर पडतो, आणि त्या आधीच मोजक्या.

८ ऑगस्ट

क्षेत्रफळ. एफ. टी. लुईसने १९२८ मध्ये काकडीच्या अपित्वचेवर (बाहेरच्या पापुद्र्यावर) दाखवलेला संबंध: बाजूंच्या संख्येप्रमाणे सरासरी क्षेत्रफळ सरळ रेषेत वाढतं, साधारण (बाजू वजा २) भागिले ४ या प्रमाणात. म्हणजे षटकोन १ धरला तर चौकोन अर्धा, अष्टकोन दीडपट.

आलेख काढताना एकेक पेशीचा ठिपका मांडला तर नुसता ढग दिसतो आणि लुईस खोटा वाटतो. गटाची सरासरी मांडायची. आपली रेषा पाच ते आठ बाजूंपर्यंत सरळ आहे. चारच्या टोकाला ती वाकते, पण सहा पेशींच्या जोरावर वाकडेपणाचा दावा करू नये. त्या सहापैकी तीन पर्णरंध्रांच्या शेजारच्या निघाल्या, म्हणजे साहाय्यक पेशी ओळखण्यातच घोळ आहे. २८ जूनचा नियम कडक केला: संशय असेल तर हाय पॉवरला पाहिल्याशिवाय पेशी तक्त्यात नाही.

आठ बाजूंच्या पेशींचे शेजारी तपासले. बहुतेक पाच-सहाचे. जास्त बाजूंच्या पेशीभोवती कमी बाजूंच्या पेशी जमतात. अबोव आणि वेअर यांच्या नावाने हा कल ओळखला जातो, तो इथे डोळ्यांनीही दिसतो: मोठ्या पेशीला खेटून नुकत्याच दुभागलेल्या जोड्या.

१४ ऑगस्ट

थोडं आडवळण: केळीच्या पानाच्या दांड्याचा आडवा काप. जेवणाची पानं दादरच्या बाजारात दांड्यासकट मिळतात. आत हवेच्या पोकळ्या असतात आणि पोकळ्यांत थोड्या-थोड्या अंतरावर एका थराचे आडवे पडदे. काप घेताना पातं पडद्याच्या पातळीतच जावं लागतं, दहांत एखादा काप लागतो. सोपा मार्ग म्हणजे दांडा उभा चिरायचा, पडदा नुसत्या डोळ्यांनी शोधायचा आणि चिमट्याने अख्खा उचलायचा. केळीचा चीक हवेत काळा पडतो, म्हणून काप लिंबाचे दोन थेंब टाकलेल्या पाण्यात.

पडद्यातल्या पेशी ताऱ्यांसारख्या. प्रत्येक हात शेजारच्या पेशीच्या हाताला टोकाशी टेकलेला, मध्ये त्रिकोणी पोकळ्या. पहिल्यांदा पाहताना हे रिओपेक्षा अगदी वेगळं वाटतं. पण एका पोकळीवर नजर ठेवून तिच्या कडा मोजल्या तर तीन पेशी. म्हणजे रिओतला जो तिठा, तोच इथे उघडलेला आहे. भित्तिका कोपऱ्यांपासून सुटत गेल्या, मध्यापाशी चिकटून राहिल्या, आणि राहिलेला चिकटा म्हणजे हात. हात मोजले की शेजारी मोजले. बहुतेक ताऱ्यांना सहाच्या आसपास हात, पाच आणि सातही भरपूर.

२० ऑगस्ट

पवई तलावाच्या काठावरून जलपर्णीचा दांडा आणून काप केले. पाणी घाण आहे, हातमोजे घालूनच. हे काप मोजणीत घेतले नाहीत. पापुद्रा एका थराचा असतो, म्हणून तिथे पेशी आणि चित्र एकच. दांड्याच्या आत पेशी त्रिमितीत असतात आणि पातं एखादीच्या मधून जातं, एखादीच्या नुसत्या कोपऱ्यातून. कोपऱ्यातून कापलेली मोठी पेशी लहान त्रिकोणासारखी दिसते. कापात सरासरी सहाच्या जवळ येईलही, पण ती पेशीची नव्हे, कापाची. खऱ्या शेजाऱ्यांसाठी सलग काप लावावे लागतात. लुईसने एल्डर या झुडपाच्या भेंडात हे मेणाचे नमुने करून मोजलं होतं आणि पृष्ठांची सरासरी १४ च्या जवळ आली.

दुसऱ्या पानाच्या चौकटी आ-१ ते आ-४ रंगवून फोटो झाले. आ-३ मध्ये बुडबुडा, पुन्हा घेणे. आ-४ मध्ये चऱ्यांचं अंतर ११ पिक्सेलने कमी येतं. फोनने भिंग बदललं की क्लिप सरकली ते आधी तपासणे, तोवर ती तक्त्यात नको.